जमिनीखालून लिहिणारी काचबाई

रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यावर पांढऱ्या कापडाचा एक बुटका तंबू उभा असे, आणि त्यात स्टुलावर बसून एक बाई काचेचे केस जोडत असे. येणाऱ्याजाणाऱ्यांना तिचे फक्त बूट दिसत. कुणी विचारलंच, की आत काय चाललंय, तर बाहेर फावडं घेऊन बसलेला मुकादम सांगे, "काचबाई आहेत. हळू बोला, धूळ उडते."

धुळीशी तिचं जन्माचं वैर होतं. नेटची केबल म्हणजे आत काचेचे तंतू, माणसाच्या केसाएवढे बारीक. दोन तंतूंच्या मध्ये धुळीचा एक कण जरी आला, तरी अख्ख्या वस्तीचं नेट आजारी पडे. म्हणून तो तंबू. भर दुपारी त्यात बसलं की उजेड दुधासारखा चारी बाजूंनी पाझरे. हॉर्न, भांडणं, लोखंडी शटर वर जाण्याचा खडखडाट, सगळं कापडातून गाळून आत येई आणि कुणा दुसऱ्याच गावचं वाटे.

ती केबलचं काळं साल सोले, आतल्या नळ्या मोकळ्या करी. प्रत्येक नळीत बारा रंगांचे बारा केस. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, मोरपंखी. हा क्रम तिला पाढ्यासारखा पाठ होता. केसावरचा रंग खरवडायचा, स्पिरिटनं पुसायचा, टोक अगदी सरळ कापायचं आणि मशीनच्या खाचेत निजवायचं. मग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन दिसत, धुक्यात उभ्या असलेल्या दोन खांबांसारखी. ती हळूहळू एकमेकांकडे सरकत. बारीकशी ठिणगी पडे. आणि दोनाचं एक होई.

बावीस वर्षं झाली तरी या क्षणी तिची तंद्री लागायची ती लागायचीच. शाळेत तिच्या प्रगतिपुस्तकावर एका मास्तरांनी लिहिलं होतं, "मुलगी वर्गात असते, पण हजर नसते." आईनं त्यावरून पाठीत धपाटा घातला होता. पण या कामात ती तंद्री कामाला आली. हात आपलं काम करत आणि मन भलतीकडे निघून जाई. आत्ता जोडला तो हिरवा. त्यातून उद्या कुणाचं काय जाईल? कुणी आईला हसून दाखवेल, कुणी नोकरीचा अर्ज धाडेल, कुणी दोन ओळी लिहून पुसून टाकील. सगळं तिच्या गुडघ्याच्या खालून, मातीतून, अंधारातून जाणार. घरी चालत जाताना ती पदपथावर पाय जरा जपूनच टाकी.

कंपनीच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणी घेत नसे. ती सगळ्यांची काचबाईच.

एकदा एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ती जोडणी करायला गेली. घर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचं होतं. भिंतभर नकाशे. काम संपल्यावर बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "मला एक सांगा, हे नेट येतं कुठून?"

"खालून," काचबाई म्हणाली.

"खालून म्हणजे? मी तर समजत होते, वरून येतं. उपग्रहावरून."

"नाही हो. जमिनीतून येतं. काचेतून."

"काचेतून काय येतं?"

"उजेड."

बाई खिडकीपाशी गेल्या, खाली रस्त्याकडे पाहिलं, परत आल्या. "चाळीस वर्षं मी पोरांना नद्या शिकवल्या," त्या म्हणाल्या, "आणि ही एवढी मोठी नदी माझ्या दारातून वाहतेय, मला पत्ता नाही. नीट समजावून सांगा बघू."

काचबाईनं तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, की आपल्याला सांगताच येत नाही. हातांना ठाऊक होतं ते जिभेला ठाऊक नव्हतं. तिनं काहीतरी अडखळत सांगितलं, बाईंनी सभ्यपणे मान हलवली, आणि जिना उतरताना तिला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर ती जुन्या फॉर्मांची पाठकोरी बाजू घेऊन बसली. घर दोन खोल्यांचं, खिडकी एका सुतारकारखान्याच्या पत्र्यावर उघडणारी. दुपारच्या उन्हात भुशाचा वास घरभर पसरे. नवरा शाळेची बस चालवायचा. रविवारी तो आडवा होऊन छताकडे पाहत पडे, कारण आठवडाभर त्याच्या कानात चाळीस पोरं ओरडत. आणि घरातलं तिसरं माणूस म्हणजे नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न करता एका वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली. तिच्या हातून स्वल्पविराम चुकत नसे आणि तोंडातून शब्द फुकट जात नसे.

"वहिनी, काय चाललंय? पत्र कुणाला?"

"कुणाला नाही, वन्सं. एका बाईंनी विचारलं होतं, नेट कुठून येतं. ते लिहून बघतेय."

नणंदेनं कागद ओढून घेतला, चष्मा लावला, वाचला. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली, "शुद्धलेखनाचा आनंद आहे. पण मला आज पहिल्यांदा कळलं, तू दिवसभर काय करतेस ते."

"म्हणजे बावीस वर्षं काय वाटत होतं?"

"खड्डे खणतेस असं."

छताकडे पाहत पडलेला नवरा खुदकन हसला. नणंदेनं त्याच दुपारी तो मजकूर टाइप केला आणि कचेरीतल्या एका मुलीला फोनवर विचारून विचारून ब्लॉग उघडला. नाव काय द्यायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी नवराच म्हणाला, "जमिनीखालून लिहितेस ना? मग तेच ठेव की." झालं. ब्लॉगचं नाव पडलं 'जमिनीखालून'.

पहिल्या महिन्यात अकरा जणांनी वाचला. त्यातली तीन तर घरचीच. भूगोलाच्या बाईंनी खाली लिहिलं, "आता कळलं. नकाशा काढता येईल का?" काचबाईनं नकाशा काढला. मग कुणी विचारलं, पाऊस पडला की नेट का मंदावतं. कुणी विचारलं, समुद्रापलीकडे कसं जातं. ती दर रविवारी एका प्रश्नाचं उत्तर लिही. समुद्राच्या तळाशी, जिथं ऊन कधी पोचलं नाही तिथं, मनगटाएवढीही जाड नसलेली केबल गाळात निजलेली असते आणि तिच्यातून सगळ्या जगाचं बोलणं जातं, हे लिहिताना तिला दुपारभर आपण पाण्यात असल्यासारखं वाटत राहिलं. नवऱ्यानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं ती वर आली.

दोन वर्षांत वाचणारे काही हजारांवर गेले. तिला तो आकडा खरा वाटत नसे. तिच्या मनात वाचक एकच होता, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहणारा.

आणि मग तो मसुदा आला.

नणंदेनंच तो कचेरीतून छापून आणला. चौऱ्याण्णव पानं. दूरसंचार खात्यानं नवे नियम करायला घेतले होते आणि लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. नणंदेनं पान एक्केचाळीसवर बोट ठेवलं. "हे वाच. 'विशेष जलद सेवा.' कंपनीशी करार करणाऱ्या संकेतस्थळांना जलद मार्ग देण्याची मुभा राहील. मी तीन वेळा वाचलं. चांगलंच दिसतंय की. जलद कुणाला नको?"

काचबाईनं वाचलं. पुन्हा वाचलं. खिडकीबाहेर पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता.

"वन्सं," ती म्हणाली, "हे असं होतच नाही."

"काय होत नाही?"

"काचेत कुणी जलद धावत नाही. सगळा उजेड एकाच वेगानं जातो. मंत्र्याचा असो, नाही तर माझा."

त्या रविवारी तिनं लिहिलं तो मजकूर तिच्या सगळ्या लिखाणात छोटा होता. त्यात ती म्हणाली:

"मी तुमच्या रस्त्याखालची काच जोडते. त्या काचेतून जाणाऱ्या उजेडावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मोठ्या कंपनीचा सिनेमा आणि तुमच्या भाचीनं लिहिलेली कविता एकाच वेगानं निघतात. वाटेत पेट्या लागतात, जिथं वाटा फुटतात. गर्दी झाली की तिथं रांग लागते. त्या रांगेत कुणाला पुढं घ्यायचं हे पेटीला ठाऊक नसतं, माणसानं सांगावं लागतं. म्हणून कुणी 'जलद मार्ग' म्हणालं, की त्यांना विचारा, थांबणार कोण? कारण आम्ही कुणाला जास्त जोरात पळवू शकत नाही. बाकीच्यांना थांबवू मात्र शकतो."

सोमवारी दुपारी ती तंबूत होती तेव्हा मुकादमानं कापडाच्या फटीतून फोन आत धरला. "बाई, हे तुम्ही लिहिलंय? माझ्या मेव्हण्यानं पाठवलं. त्याला कुणी भलत्यानंच पाठवलं." संध्याकाळपर्यंत तो मजकूर कुठं कुठं फिरला याचा ठाव राहिला नाही. एका वर्तमानपत्रानं जसाच्या तसा छापला. रेडिओवर कुणीतरी तो वाचून दाखवला आणि काचबाईला आपलेच शब्द परक्या आवाजात ऐकू आले, जड, सावकाश, जणू कुणी शहाणं माणूस बोलतंय. ती भाजी चिरता चिरता थांबली आणि रेडिओकडे आदरानं पाहत राहिली.

गुरुवारी साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब म्हणजे विभागाचे इंजिनियर. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीच्या काळात दोघांनी एकाच खड्ड्यात बसून काम केलं होतं. आता ते काचेच्या केबिनमध्ये बसत आणि खुर्ची फिरवत बोलत.

"काचबाई, बसा. लिहिता छान. मला माहीतच नव्हतं."

"साहेब, सरळ सांगा."

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "वर्तन नियम सतरा. कंपनीच्या कामाबद्दल बाहेर काही प्रसिद्ध करायचं नाही. वरून फोनावर फोन येताहेत. ते पान काढून टाका. ब्लॉगच बंद केलात तर उत्तम."

"मी खोटं लिहिलंय का?"

साहेबांनी खुर्ची फिरवणं थांबवलं. "खोटं नाही. पण अर्धं लिहिलंय. समजा, रुग्णालयात डॉक्टर नेटवरून दुसऱ्या गावच्या डॉक्टरला विचारून ऑपरेशन करतोय. त्याचं चित्र रांगेत थांबवायचं? कुणाच्या तरी सिनेमाच्या मागं? रुग्णवाहिकेला आपण वाट देतोच ना? तुमच्या लिखाणात ती रुग्णवाहिका कुठं आहे?"

काचबाईनं तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. सोमवारपर्यंतची मुदत घेऊन ती उठली.

घरी गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. नणंदेनं नियम सतरा तीनदा वाचला. "'कंपनीची गोपनीय माहिती' असा शब्द आहे. काचेतून उजेड जातो हे कंपनीचं गुपित आहे का? मग सूर्यालाही नोटीस काढा म्हणावं."

नवरा मात्र हसला नाही. तो खिडकीपाशी उभा होता. "मला एवढंच कळतं," तो म्हणाला, "की तुला तंबूतून काढलं तर तू वाळून जाशील. तुला घरी तंद्री लागते ती त्या कामामुळं. बाकी मी तुझ्या बाजूलाच आहे, पण हे आधी सांगून ठेवतो."

"आणि साहेब म्हणतात ते?"

"रुग्णवाहिकेचं? ते बरोबर आहे की. मी रोज देतो वाट."

"पण वाट विकत घेऊन कुणी भोंगा लावला तर?"

नवऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मग ती रुग्णवाहिका नाही," तो म्हणाला.

दोन दिवस ती हरवल्यासारखी वावरली. तंबूत बसून एक जोड तिनं चार वेळा कापला, जे कधी झालं नव्हतं. तिला सारखं दिसत होतं, एक लांबलचक रांग, धुक्यातून आलेली, धुक्यात जाणारी. त्या रांगेत कुणाच्या हातात औषध, कुणाच्या हातात गाणं, कुणाच्या हातात नुसताच प्रश्न. चेहरे दिसत नव्हते. पुढं एक माणूस उभा होता आणि बोटानं खुणा करत होता, तू ये, तू थांब. त्या माणसाचा चेहरा तिला बघायचा होता, तोच नेमका दिसत नव्हता.

रविवारी तिनं पुन्हा लिहिलं. सुरुवातच अशी केली: "मागच्या वेळी मी अर्धंच लिहिलं होतं. माझ्या साहेबांनी चूक दाखवली आणि ती खरी आहे." मग तिनं रुग्णवाहिकेचं लिहिलं. शेवटी लिहिलं, की थांबायला आमची हरकत नाही, पण कुणासाठी थांबतोय ते आम्हाला कळलं पाहिजे. जी यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवता येत नाही, त्या यादीसाठी लोकांना थांबवू नये.

नणंदेनं टाइप केलं, एक स्वल्पविराम काढला, एक घातला, आणि विचारलं, "पहिलं पान काढायचं?"

"नको. दोन्ही राहू देत. चूकही दिसू दे."

सोमवारी तिनं साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी फोनवर दोन्ही मजकूर वाचून काढले. "माझं नाव नाही घातलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले.

जाहीर सुनावणी महिनाभरानं झाली. सरकारी इमारतीचा चौथा मजला, जाड पडदे, लांब टेबल, त्यामागं समितीचे पाच जण. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. मिनिटं संपली की टेबलावरचा लाल दिवा लागे. कंपन्यांचे वकील आले, आलेख दाखवून गेले. काचबाईचा क्रमांक सत्ताविसावा होता. नणंद आणि नवरा मागच्या खुर्च्यांवर बसले होते. नवऱ्यानं शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती.

ती माइकसमोर उभी राहिली आणि तिची तंद्री लागली.

नेमकी तेव्हाच. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येत होती, तिच्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि काचबाई त्या कणांकडे बघत राहिली. चोवीस वर्षं ज्यांच्याशी भांडली ते कण किती निवांत होते. वर जात, खाली येत, कुणालाही घाई नाही. मागं नणंदेनं खुर्चीचा हात घट्ट धरला. कुणीतरी खाकरलं.

"बाई?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपलं एक मिनिट गेलं."

"हो," काचबाई म्हणाली. "मी रस्त्याखालची काच जोडते. मला दोनच गोष्टी सांगायच्यात." आणि तिनं सांगितल्या, घरी सांगाव्यात तशा. काचेत कुणी जलद धावत नाही. रांग माणसं लावतात.

"मग रुग्णालयांचं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्यांना पुढं जाऊ द्या. अग्निशमनवाल्यांना जाऊ द्या. यादी करा, आणि ती भिंतीवर लावा. फक्त त्या यादीतली जागा विकू नका. आणि आम्हाला थांबवलंत, तर थांबवलंय असं सांगा. माणूस थांबतो हो. न सांगता थांबवलं की त्याला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय."

लाल दिवा लागला. ती खाली बसली.

चार महिन्यांनी नियम आले. नणंदेनं ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचले. जलद मार्गाची मुभा पूर्ण गेली नव्हती. सिनेमावाल्या कंपन्यांसाठी पळवाट उरलीच होती, ती नणंदेनं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली. पण आपत्कालीन सेवांची यादी जाहीर करणं बंधनकारक झालं होतं, आणि ज्या कंपनीनं कुणाचं नेट मंद केलं, तिनं ते ग्राहकांना "सोप्या भाषेत" सांगायचं होतं.

"अर्धं मिळालं," नवरा म्हणाला.

"मी लिहिलं होतं तेवढंच," काचबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात तिची बदली झाली. कागदावर कारण काही नव्हतं. तंबूतून काढून तिला गोदामात पाठवलं, केबलची रिळं मोजायला. मुकादम निरोप द्यायला आला. तो नुसताच म्हणाला, "आता धूळ उडाली तरी चालेल म्हणायचं."

गोदाम मोठं होतं, उंच, पत्र्याचं. माणसाच्या उंचीची लाकडी रिळं ओळीनं उभी असत, आणि प्रत्येकात मैलोन्‌मैल काच गुंडाळून झोपवलेली, जिच्यातून अजून कुणी काही बोललेलं नव्हतं. पहिले दोन महिने काचबाईनं ब्लॉगवर अक्षर लिहिलं नाही. लोक विचारत, बऱ्या आहात ना? नणंद उत्तर देई, "बरी आहे, विश्रांती घेतेय." घरी ती जेवताना नुसती जेवायची, बोलताना नुसती बोलायची. नवऱ्याला ते बघवेना. तिला हाक मारली की ती पहिल्याच हाकेला ओ देत होती.

मग एका दुपारी ती रिळांच्या मधल्या बोळातून जाताना थांबली. तिनं एका रिळाला कान लावला. अर्थातच काही ऐकू आलं नाही. पण ती तशीच उभी राहिली, लाकडाचा वास घेत, आणि तिला वाटलं, हे मौन काही रिकामं नाही. बोलणं जन्माला यायच्या आधीचं आहे. त्या रविवारी तिनं तेवढंच लिहिलं. धोरण नाही, नियम नाही. नुसतं गोदामातली दुपार. तिचे जुने वाचक परत आले आणि कुणीतरी लिहिलं, "आम्हालाही कान लावल्यासारखं वाटलं."

वर्ष होत आलं तेव्हा साहेब स्वतः गोदामात आले. हातात कागदांची चळत. इकडेतिकडे पाहून त्यांनी एक खोकं ओढलं आणि त्यावर बसले.

"काचबाई, एक अडचण आहे."

"बोला."

"नव्या नियमाप्रमाणं ग्राहकांना पत्रक द्यायचंय. कुणाचं नेट कधी मंदावतं, का मंदावतं. सोप्या भाषेत. आमच्या कायदा विभागानं तीनदा लिहून दिलं, खात्यानं तीनदा परत पाठवलं. शेरा मारलाय, 'कळत नाही.'" त्यांनी चळत तिच्यापुढं धरली. "आणि खरं सांगू? मलाही कळलं नाही."

काचबाईनं पहिलं पान वाचलं. एकच वाक्य पानभर चाललं होतं, आणि त्याला क्रियापद मिळेपर्यंत माणूस गळून जाई.

"मी लिहून देईन," ती म्हणाली. "पण जे आहे ते लिहीन. पळवाटेचंही."

"कायदा विभाग कापेल."

"मग त्यांचंच लावा चौथ्यांदा."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू आलं, जुन्या खड्ड्यातल्या दिवसांसारखं. "अजून काय पाहिजे?"

तिनं विचार केला. "तंबू," ती म्हणाली.

वाटाघाटी दीड महिना चालल्या. कायदा विभागानं सहा वाक्यं कापली. नणंदेनं त्यातली चार परत घालायला लावली, आणि वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं काढल्याचा तिला त्या दिवसांत प्रथमच अभिमान वाटला असावा, कारण ती घरात गुणगुणताना सापडली. तंबू मिळाला, पण अर्धा. आठवड्याचे तीन दिवस रस्त्यावर, तीन दिवस गोदामात. पहिल्या दिवशी मशीनच्या पडद्यावर दोन टोकं सरकू लागली तेव्हा काचबाई पडद्याजवळ वाकली. दोनाचं एक झाल्यावर तिनं दोन मिनिटं थांबून घेतलं. बाहेर मुकादम कुणालातरी दटावत होता.

पत्रक एका पानाचं झालं. पहिलं वाक्य होतं, "कधी कधी आम्ही तुम्हाला थांबवतो." खाली कधी, कुणासाठी, आणि कुणाकडे तक्रार करायची ते. कंपनीच्या प्रत्येक ग्राहक केंद्रात ते भिंतीवर लागलं. खाली कुणाचं नाव नव्हतं.

एका बुधवारी गोदामातली पावतीपुस्तकं द्यायला ती अशा एका केंद्रात गेली. चार खिडक्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, छताला फिरणारा पंखा. एक म्हातारासा माणूस हातात टोकन घेऊन भिंतीपुढं उभा होता. पत्रक वाचत होता, ओठ हलवत, एका एका ओळीखालून बोट फिरवत. मधेच मागं जाऊन एक ओळ त्यानं पुन्हा वाचली. त्याचा क्रमांक पुकारला गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग तो खिडकीपाशी गेला आणि आतल्या मुलीला म्हणाला, "तिसऱ्या ओळीत लिहिलंय, सिनेमाच्या कंपनीशी करार असेल तर. आपल्या भागात आहे का असा करार?"

मुलगी गोंधळली. "मला नाही माहीत, काका."

"मग कुणाला माहीत?"

मुलीनं मागं वळून पाहिलं, मग उठली. "थांबा हं, आत विचारून येते."

काचबाईचं काम झालं होतं. पावतीपुस्तकं देऊन तिला निघता आलं असतं. पण ती भिंतीला पाठ टेकून, त्या म्हाताऱ्यापासून दोन हातांवर उभी राहिली, पंख्याखाली, आणि आतला दरवाजा उघडायची वाट बघू लागली.